इनॉक विडोसनच्या बॅटीची कैफियत

काचेच्या कपाटात, हिरव्या मखमलीवर उताणी निजवलेली एक काळपट बॅट तुम्ही पाहता, 'अरे वा, बरीच जुनी दिसते' म्हणता आणि चहाच्या टेबलाकडे वळता. ती जुनी बॅट म्हणजे मी. मित्रांनो, आज जरा थांबा. चहा कुठे पळून जात नाही, आणि मला ऐकणारा माणूस रोज भेटत नाही.

माझ्यापुढे एक पितळी पट्टी लावली आहे. तिच्यावर कोरलं आहे, 'कॅप्टन मिस्टर ऑब्रे थॉर्नहिल. याच बॅटीने त्यांनी आपले संस्मरणीय शतक झळकावले.' यातला एक शब्दही खोटा नाही. खोटा असता तर माझा इतका जळफळाट झाला नसता. खोटं निदान कधीतरी उघडं पडतं. हे खरं आहे, म्हणूनच इतकी वर्षं चकाकतं आहे.

मी मूळची ओढ्याकाठची. कॅल्डब्रुक गावात गिरणीमागे विलोची झाडं होती. त्यातल्या एका बुंध्यातून अमोस पेक नावाच्या म्हाताऱ्याने मला काढलं. कुऱ्हाडीने फोडलं, छपराखाली वाळवलं, रंध्याने तासलं, मग लाकडी हातोडीने ठोकून ठोकून माझं पोट टणक केलं. वेताचा दांडा बसवला, त्याला मेण लावलेला दोरा गुंडाळला आणि जवसाचं तेल पाजलं. अमोस तोंडाचा फाटका होता, पण हाताला गुण होता. आसपासच्या साऱ्या बड्या घरच्या बॅटी तोच करायचा. मला मात्र त्याने आपल्या जावयासाठी केलं.

जावई म्हणजे इनॉक विडोसन. त्याच्या घरी पिढ्यान् पिढ्या मोजे विणायचा माग होता. दिवसभर खिडकीशी वाकून बसायचं, पायाने पट्ट्या दाबायच्या, हाताने दांडे ओढायचे, आणि केस पिकायच्या आत डोळे गमवायचे, असा तो धंदा. त्यातून इनॉकला त्याच्या उजव्या हाताने बाहेर काढलं. त्याचा चेंडू टप्पा पडल्यावर असा आत शिरायचा, की फलंदाज आधी स्टंपांकडे आणि मग आकाशाकडे बघायचा. जिल्ह्याच्या संघाने त्याला पगारी बोलर म्हणून घेतलं.

"बोलरला कसली बॅट करता?" अमोसची मुलगी, इनॉकची बायको केझाया, बापाला म्हणाली. "उद्या कोंबडीला जोडे शिवाल."

"असू दे गं," अमोस म्हणाला. "बाराही महिने साहेब लोकांना चेंडू टाकून हाडं झिजवतो. कधीतरी स्वतः मारून बघू दे. घे जावईबुवा, पण हिच्याने चूल पेटवलीस तर याद राख."

इनॉकने मला हातात घेतलं, तोललं आणि हसला. त्याचे पंजे रुंद होते. त्या हातांत मी पहिल्यांदा गेले आणि मला आपलं घर सापडल्यासारखं वाटलं. ते मी आजही विसरलेले नाही.

तेव्हाच्या संघात दोन जातींची माणसं असत. जात हा शब्द मी जाणूनबुजून वापरते आहे, तुम्हाला तो चांगला कळतो. एक जंटलमन, म्हणजे हौसेने खेळणारे, घरचे खाऊनपिऊन सुखी. दुसरे पगारी. जंटलमन पॅव्हिलियनच्या मधल्या फाटकातून मैदानात उतरत, पगारी बाजूच्या, रोलरच्या खोपटालगतच्या फाटकातून. एकाच संघाचे अकराजण दोन वाटांनी येत आणि मधे गवतावर एकत्र होत. छापील पत्रकावर 'मिस्टर थॉर्नहिल' असे, आणि त्याच्याखाली नुसतं 'विडोसन'. दुपारी ते वर भाजलेलं मांस खात, हे खोपटाच्या सावलीत पाव, चीज आणि कांदा. कोणाला त्यात काही वावगं वाटत नसे. इनॉकलाही वाटत नसे, याचा मला जास्त राग येतो.

सरावाचीही हीच तऱ्हा. पगाऱ्यांनी जंटलमन लोकांना तासन् तास चेंडू टाकायचे. उलट कोणी जंटलमन पगाऱ्याला चेंडू टाकतो आहे, असं दृश्य मी पाहिलं नाही. मग इनॉक फलंदाजी शिकला कुठे? घरामागच्या अंगणात, वाळत घातलेल्या चादरींच्या मधे. कपड्यांची बादली म्हणजे स्टंप, आणि बोलर म्हणजे केझाया.

तिचा चेंडू खालून यायचा, सरपटत, आणि शेवटच्या क्षणी अंगात आल्यासारखा वळायचा.

"पाय हलव की रे! मुळं फुटलीत का?"

"तू बाईमाणूस आहेस म्हणून जपून खेळतोय."

पुढचा चेंडू माझ्या कडेवरून निसटून बादलीवर ठणकन आदळला.

"बाईमाणसाने तुला उडवला," केझाया पदराला हात पुसावे तसे एप्रनला पुसत म्हणाली. "आता बादली भरून आण, आणि येताना शेजारी सांगत ये, कोणी उडवला ते."

संसारात इतकं हसणारी माणसं मी नंतर पाहिली नाहीत. पुढे ज्या मोठ्या घरात मी राहिले तिथे तर नाहीच नाही. या अंगणात इनॉक खरा फलंदाज झाला, आणि ही गोष्ट आम्हा तिघांखेरीज फारशी कोणाला माहीत नव्हती. संघात तो खाली, नवव्या नंबरला यायचा. तोवर बहुतेक वेळा डाव आटपलेला असायचा.

वर्षं गेली आणि इनॉकचा खांदा गेला. सकाळी शर्टाची बाही चढवताना तो दात आवळायचा. केझाया रात्री त्याला हंसाची चरबी चोळायची. पण मैदानावर खांद्याचं गुपित फार दिवस टिकत नाही. एका मोसमाच्या अखेरीस, शेवटच्या सामन्याच्या आधी, थॉर्नहिलसाहेबांनी त्याला फाटकाशी थांबवलं.

"विडोसन, बोलर म्हणून तुझं झालं. तुलाही कळत असेलच."

"अजून एखादं वर्ष निघेल, साहेब."

"निघणार नाही. हां, फलंदाज म्हणून काही दाखवलंस तर बघता येईल. एखादं शतक वगैरे." आणि साहेब हसले. सोबतचे दोघे जंटलमनही हसले.

ती थट्टा होती. इनॉकने ती थट्टा म्हणून ऐकली नाही. घरी येऊन त्याने केझायाला जसंच्या तसं सांगितलं.

"हसले ना? हसू देत," ती म्हणाली. "तू काढ शतक. त्या मागावर तू परत बसायचं नाहीस, इनॉक. आत्ताच तुला सुईत दोरा दिसत नाही. तिथे बसलास तर दोन वर्षांत मी तुला हाताला धरून चर्चला नेईन."

म्हणजे मित्रांनो, पणाला काय लागलं होतं ते बघा. बड्या लोकांसाठी शतक म्हणजे टोप्या उडवायचं निमित्त. याच्यासाठी शतक म्हणजे डोळे.

सामन्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी खेळपट्टी ओली होती. आमच्या दुसऱ्या डावात जंटलमन मंडळी पटापट परतली. खुद्द थॉर्नहिलसाहेब भोपळा घेऊन मधल्या फाटकातून आत गेले. सामना हातचा गेल्यात जमा होता. तेव्हा इनॉक बाजूच्या फाटकातून मला घेऊन उतरला.

ऊन पडलं, खेळपट्टी सुकली आणि आम्ही दोघं खेळायला लागलो. काय खेळलो म्हणून सांगू! त्याला कोणी चेंडू टाकायला हवा होता, तो आज एका अख्ख्या संघाने टाकला. केझायाच्या सरपटी चेंडूंनी घोटून घेतलेला माणूस तो. त्याला काहीच अवघड वाटेना. चेंडू माझ्या पोटावर बरोबर मधे बसला की हाताला नुसता एक गोड ठोका जाणवतो, तो त्या दिवशी मला पुन्हा पुन्हा मिळाला. पाव-कांदा खायलाही तो खोपटाकडे धावत गेला आणि धावत आला. पराभव टळला. बघता बघता जिंकायची गोष्ट सुरू झाली.

आणि तिथेच घात झाला. आता कॅप्टन केव्हाही 'आमचा डाव संपला' असं जाहीर करू शकतो. त्या काळी तशी मुभा नव्हती. दहा गडी बाद झाल्याशिवाय डाव संपायचाच नाही. म्हणून पुरेशा धावा झाल्या आणि समोरच्यांना संध्याकाळच्या आत गुंडाळायचं असलं, की कॅप्टन आपल्याच फलंदाजांना मुद्दाम बाद व्हायला सांगायचा. आपल्याच हाताने आपले स्टंप पाडायचे. सगळे संघ हे करत, आणि असा हुकूम बहुतेक पगाऱ्यांनाच सुटे.

इनॉकच्या शहाण्णव धावा झाल्या होत्या. नववा गडी पडला आणि शेवटचा माणूस म्हणून जोब लिम आला. जोब हा इनॉकचा जुना सोबती, दुसरा पगारी बोलर. तो सरळ आपल्या टोकाला गेला नाही. इनॉकपाशी येऊन मान खाली घालून उभा राहिला.

"साहेबांचा निरोप आहे, गड्या. पुढच्याच चेंडूवर डाव संपवायचा. स्टंप पाड म्हणाले."

"चार राहिल्यात, हे सांगितलंस का त्यांना?"

"सांगितलं."

"मग?"

"म्हणाले, कोणाच्या?"

इनॉकने माझी मूठ घट्ट केली. चेंडू आला. त्याने मला खेळायला म्हणून उचललं, आणि चेंडूकडे न नेता मागे नेऊन माझी पाठ स्टंपांवर हाणली. वरच्या बेल्स उडाल्या. मित्रांनो, मला चेंडू मारायला घडवलं होतं. अमोसने माझं पोट ठोकून टणक केलं होतं, पाठ नाही. तिला खाच पडली.

आता गंमत बघा. समोरच्या संघाने बाद आहे का असं विचारल्याशिवाय पंच कोणालाही बाद देत नाही, हा क्रिकेटचा जुना नियम. आणि समोरचे विचारेनात! डाव संपूच नये, वेळ निघून जावा, सामना अनिर्णित राहावा, हे त्यांच्या सोयीचं होतं. बोलर बुटाची नाडी बांधायला लागला. त्यांचा विकेटकीपर शीळ घालत स्टंप पुन्हा उभे करू लागला.

"वारा फार सुटलाय आज," तो म्हणाला. झाडाचं पान हलत नव्हतं.

"पंच, मी बाद आहे ना?" इनॉकने विचारलं.

"मला कोणी काही विचारलेलं नाही," पंच म्हणाले. "तू स्वतःच्या विरुद्ध विचारू शकत नाहीस. खेळ."

पुढच्या चेंडूवर त्याने पुन्हा माझी पाठ स्टंपांवर मारली. दुसरी खाच. पुन्हा सगळे गप्प.

"काय हा वारा!" विकेटकीपर म्हणाला, आणि त्यांचे खेळाडू पोट धरून हसायला लागले. दुसऱ्या टोकाकडून जोब ओरडला, "अरे, कोणी विचारत नाही तर मार की! तुझं काम तू केलंस. आता मार!"

तिसरा चेंडू आखूड पडला. कपड्यांच्या बादलीसमोर असा चेंडू केझायाने टाकला असता, तर चादर फाटली असती. इनॉकने मारला. आम्ही धावलो. एक, दोन, तीन. चौथी निघत होती, पण जोबचं वय झालं होतं, तो अर्ध्यात थांबला आणि परत फिरला. नव्याण्णव.

तेवढ्यात मधलं फाटक उघडलं आणि थॉर्नहिलसाहेब स्वतः मैदानात आले. खिशात हात, अगदी शांत.

"विडोसन, माझा निरोप पोचला नाही का?"

"पोचला, साहेब. दोनदा स्टंप पाडले. ही मंडळी विचारतच नाहीत."

"मग चालायला लाग. खेळ सोडून गेलास तरी डाव संपतो."

"एक धाव आहे, साहेब. एकच."

साहेब त्याच्याजवळ सरकले. आवाज मुद्दाम हलका ठेवला. त्या दोघांशिवाय तो फक्त मी ऐकला.

"तुला पुढचा मोसम हवाय, की ही धाव?"

ज्या मोसमासाठी ती धाव हवी होती, तोच मोसम त्या माणसाने त्या धावेच्या बदल्यात ठेवला. इनॉकने मला काखेत घेतलं आणि तो चालू लागला. जोबने अशी शिवी हासडली, की पंचांनी ऐकू न आल्यासारखं केलं. बाजूच्या फाटकाशी केझाया उभी होती. त्याच्या दुखऱ्या खांद्यावरचं गवत तिने झटकलं.

त्या संध्याकाळी इनॉकने त्याच खांद्याने चेंडू टाकले. दर चेंडूला त्याचा चेहरा वाकडा व्हायचा. समोरचे नऊ गडी पडले, त्यातले जवळजवळ निम्मे त्याचे. शेवटची जोडी मात्र अंधार पडेपर्यंत हलली नाही. सामना अनिर्णित राहिला. पॅव्हिलियनच्या पायरीवर थॉर्नहिलसाहेब सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "विडोसनने स्वतःच्या धावांसाठी वेळ खाल्ला. नाहीतर आपण जिंकलो होतो." इनॉक तिथेच होता. त्याने टोपी काढून हातात धरली होती.

जाता जाता साहेबांची नजर माझ्यावर पडली. त्यांनी मला उचलून दोन-तीनदा फिरवलं.

"बॅट मात्र नामी आहे. हिवाळाभर माझ्याकडे ठेवतो. पुढच्या मोसमात देईन तुला परत."

इनॉकचा चेहरा उजळला. मी तो पाहिला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "न्या की साहेब, खुशाल न्या!" तो म्हणाला. आणि फाटकाकडे वळून केझायाला ओरडून सांगितलं, "ऐकलंस का? पुढच्या मोसमात परत देणार म्हणतात!" बॅट गेली याचं त्याला काहीच वाटलं नाही. पुढचा मोसम आहे, एवढंच त्याने ऐकलं. केझायाने मात्र माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं.

वसंत आला. पगाऱ्यांना बोलावणी गेली, इनॉकला गेलं नाही. 'ज्याला नव्याण्णवाच्या पुढे जाता येत नाही त्याला फलंदाज कसं म्हणायचं', असं साहेब जेवणाच्या टेबलावर म्हणाले, आणि मी कोपऱ्यात उभी राहून ते ऐकलं.

त्या उन्हाळ्यात थॉर्नहिलसाहेबांनी माझ्या जिवावर शतक काढलं. नव्याण्णवावर ते थोडेही थबकले नाहीत. चेंडू आला, माझ्या पोटाला लागला, गेला. जी एक धाव इनॉकला मिळाली नाही, ती मी त्यांना सहज काढून दिली. काय करणार? बॅटीला नाही म्हणता येत नाही. दोरीपलीकडे उभ्याने बघणाऱ्यांत इनॉक होता. लोकांनी टोप्या उडवल्या. त्यानेही टाळ्या वाजवल्या. पण तो साहेबांकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता, आपल्या लेकराला दुसऱ्याच्या अंगणात बघावं तसा.

शतकाची आठवण म्हणून साहेबांनी मला क्लबला भेट दिली. भाषण झालं, कपाट आलं, पट्टी आली. पुढे डावाचा तो नियमही बदलला. कॅप्टनला डाव सोडून द्यायची मुभा मिळाली आणि आपलेच स्टंप पाडायची पाळी कोणावर येईना. लोक म्हणाले, खेळ सुधारला. इनॉक तेव्हा मागावर बसलेला होता.

त्यानंतर एकदाच माझ्या घरचं माणूस मला भेटायला आलं. केझाया. केस पांढरे झालेले, अंगावर जाड काळी शाल. सवयीने बाजूच्याच फाटकातून आली असणार. कपाटापुढे उभी राहून तिने पॅव्हिलियनच्या रखवालदाराला हाक मारली.

"ही बॅट माझ्या बापाने केलीय. चार दिवस नेऊ द्या. घरी माणूस अंथरुणाला खिळलाय. डोळे गेलेत त्याचे. बघायची नाही त्याला, नुसती हातात धरायची आहे. मी परत आणून देईन. आम्ही परत देणारी माणसं आहोत."

"बाई, पट्टी वाचा. कॅप्टनसाहेबांची बॅट आहे."

"वाचता येतं मला. तुम्ही तिला उलटी करून बघा. पाठीवर दोन खाचा आहेत, स्टंपांच्या. माझ्या नवऱ्याच्या हातून पडल्यात त्या."

"कपाटाला कुलूप आहे. किल्ली कमिटीकडे असते."

"मग कमिटीला बोलवा."

"कमिटी अशी कोणी बोलावलं म्हणून येत नाही, बाई."

केझाया आणखी भांडली नाही. तिने काचेवर तळवा टेकवला, माझ्या मुठीच्या बरोबर वर. ती गेल्यावर रखवालदाराने फडकं आणून काच पुसून टाकली.

मित्रांनो, अशी कहाणी सांगणाऱ्या वस्तू शेवटी तुम्हाला विनवतात, आम्हाला जपा म्हणून. मी तसं म्हणणार नाही. मला खूप जपलं आहे. दर वर्षी जवसाचं तेल मिळतं, वाळवी लागू नये म्हणून औषध मिळतं, कपाटात ऊन येऊ नये म्हणून पडदा आहे. ज्या खांद्याने या संघाला इतके सामने जिंकून दिले, त्याला या संघातल्या कोणी बोटभर तेल लावलं नाही. त्याच्या डोळ्यांवर कोणी पडदा ओढला नाही. तुमच्या आसपास अशी माणसं असतील. त्यांना जपा. लाकडाचं काय, लाकूड टिकतं.

मला फक्त एक हवं आहे. मला इथे उताणी निजवलंय. माझं पोट सगळ्यांना दिसतं, कॅप्टनसाहेबांच्या शतकाचे डाग त्यावर आहेत, आणि पाठ मखमलीत दाबली गेली आहे. किल्ली अजूनही कमिटीकडेच असते. तुमच्यापैकी कोणी उद्या कमिटीत जाईल. तेव्हा हे कुलूप काढा, आणि मला एकदा पालथी करा.